आधी बूट बघा

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. दिवसभर लेथवर. संध्याकाळी सहा वाजले की हातावरचं ऑइल धुऊन टिळकवाडीत येतो आणि दीड तास ‘स्केटिंगचे सर’ होतो. शाळेमागचं सिमेंटचं अंगण, पंचवीसेक मुलं, बहुतेक पाच ते दहा वर्षांची. मी फक्त नवशिक्यांना शिकवतो. उभं राहणं, पडणं, उठणं, वळणं, थांबणं. एवढं जमलं की मुलं मोठ्या रिंकवर मोठ्या प्रशिक्षकांकडे जातात आणि मला विसरतात. तसंच व्हायला पाहिजे.

तुमच्यापैकी बरेच जण आता पुण्यात, बंगळूरला, काही परदेशात. तिथल्या मित्रांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो, फार तर सीमाप्रश्न. पण आपल्या गावाला स्केटिंगचं वेड आहे हे गावाबाहेर कमी जणांना माहीत. उभ्या मोटारींच्या खालून, पाय फाकवून, छाती जमिनीला टेकवून सरकत जायचं लिंबो स्केटिंग. त्यात अनिकेत चिंडक आणि रोहन कोकणे या बेळगावच्या पोरांची नावं जगभर छापून आली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेमध्ये भारताच्या मुलामुलींच्या दोन्ही संघांनी ब्राँझ मिळवलं. मुलांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चार पालक जास्त येतात. “सर, मोटारीखालनं कधी जाईल?” मी म्हणतो, आधी मोटारीशेजारी उभा राहू दे.

खरी गोष्ट निराळीच आहे. शिकायला आलेल्या मुलांपैकी बरीच पहिल्या महिन्यातच सोडून जातात, आणि जाताना एक शिक्का घेऊन जातात: भित्रा आहे, जमत नाही, त्याचं ते काम नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा शिक्का पुढं बराच काळ पुरतो. सायकल आली की तो बाहेर निघतो, पोहायला नेलं की निघतो. आमच्या वर्कशॉपमध्ये जॉब वाकडा आला तर कुणी लोखंडाला शिव्या घालत नाही. चक बघतो, टूल बघतो, सेटिंग बघतो. पोराच्या बाबतीत मात्र आपण थेट पोराकडेच बोट दाखवतो.

काही वर्षांपूर्वी निपाणीची एक मुलगी आली. नऊ वर्षांची. दुसऱ्या एका ठिकाणी दोन महिने शिकून झालेलं होतं, आणि तिथं सांगितलं होतं की ही घाबरते. निपाणीहून बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर. तवंदी घाट ओलांडून, संकेश्वर, हत्तरगी करत दर रविवारी बापलेक एसटीनं यायचे. वडिलांचं निपाणीत छोटं दुकान. रविवार म्हणजे गिऱ्हाइकाचा दिवस, तो बुडवून. ते बाजूला घेऊन म्हणाले, “सर, आज शेवटचा रविवार म्हणून आणलंय. जमत नसंल तर सोडू या. खरं एकदा तुम्ही बघा.”

(बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

मुलगी भिंतीला धरून उभी. पाय थरथरत होते, घोटे आत पडलेले. मी तिला खाली बसवलं आणि विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “सर, बूट पळायलाय, मी न्हाई.”

याहून नेमकं निदान मला जमलं नसतं. पाय बाहेर काढून मोजला: साडेएकोणीस सेंटिमीटर. बूट बावीसचा. दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा घेतलेला, आणि पोकळी भरायला लोकरीचे दोन-दोन मोजे. यात वडिलांचं काय चुकलं? शाळेचा बूट, गणवेश, सगळं आपण असंच घेतो. फक्त स्केटच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. बुटात पाय अर्धा इंच सरकला तर मेंदूनं दिलेला हुकूम चाकापर्यंत उशिरा पोचतो. तोवर तोल गेलेला असतो. मुलाला वाटतं आपण पडलो.

बूट कसा बघायचा ते सांगतो, कारण हे कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात कामाला येईल. मोजा एकच, पातळ आणि घोट्याच्या वर जाणारा. पाय घातला की लेस बांधायच्या आधी टाच जमिनीवर मागे ठोकायची, म्हणजे ती खोबणीत बसते. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढं हलकेच टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवले की जरासा मागे आला पाहिजे. मग तुम्ही बूट जमिनीवर दाबून धरा आणि मुलाला टाच उचलायला सांगा. टाच आतल्या आत उचलली गेली तर बूट परत. लेस पंजाजवळ सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट. बहुतेक घरांत बरोबर उलटं बांधतात: पुढं करकचून, वर सैल. पाय बधिर होतो आणि घोटा मोकळाच राहतो.

त्या मुलीचे स्केट मी उलटे केले. चार चाकांचे, ज्याला आम्ही क्वाड म्हणतो. खाली पुढंमागं दोन ‘ट्रक’ असतात, म्हणजे चाकांची जोडी धरणारा आस, आणि त्यात एक रबराची गादी. ही गादी म्हणजे या खेळातली सगळ्यात मोठी अक्कल. त्याआधीचे चाकांचे बूट सरळच जायचे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर असे बूट घालून व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि वळता येईना, थांबता येईना म्हणून थेट मोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात. १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टननं गादीवर डुलणारा आस बसवला. अंग ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाकं वळतात. बस, एवढंच. आता बावीस किलोच्या पोरीखाली दगडासारखं वाळलेलं जुनं रबर असेल आणि वरचा नट शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर ती कितीही झुकली तरी चाक वळणार कसं? ती मर्लिनचाच बूट घालून उभी असते.

मी पाना काढला. मऊ रबर घातलं. नट आधी पूर्ण सैल, मग थोडा थोडा आवळत, दोन्ही पायांना सारखा. नवशिक्याला फार सैल चालत नाही, पाय डळमळतो. पण हातानं दाबल्यावर प्लेट थोडी तरी कलली पाहिजे. उजव्या पायाचं मागचं चाक आसावर लटपटत होतं. चाक मोकळं फिरावं पण हलू नये, एवढाच नट. चाकंही बदलली. चाकावर ७८ए, ८५ए असा आकडा असतो, तो कडकपणाचा. आकडा कमी तितकं चाक मऊ. गुळगुळीत रिंकवर कडक चाक पळतं; आमच्या अंगणासारख्या खरखरीत सिमेंटवर तेच चाक दातांपर्यंत हादरे देतं आणि घसरतं.

बेअरिंगवर दुकानदार सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मी सगळ्यात कमी बोलतो. ते साधं ६०८ नंबरचं असतं: आत आठ, बाहेर बावीस, जाडी सात मिलिमीटर. उद्यमबागेत कुठंही मिळेल. डब्यावरचा मोठा आकडा घडणीच्या अचूकतेचा असतो, वेगाचा नव्हे. आपल्या तांबड्या मातीत आणि जूनच्या पावसात बेअरिंग कोरडं ठेवा, केरोसीननं धुवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. पुष्कळ झालं.

इनलाइन स्केटबद्दलही विचारतात, एका ओळीत चार चाकं असलेले. एका वडिलांनी पाच वर्षांच्या मुलासाठी शर्यतीचे, ब्रेक नसलेले आणले होते. हौस कळते. पण शर्यतीचा बूट घोट्याच्या खालीच संपतो, आणि त्या वयाच्या घोट्याला आधार लागतो. ज्या मुलाचे घोटे आत पडतात त्याची फ्रेम स्क्रू सैल करून दोन-तीन मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवली तरी पाय सरळ उभा राहतो. हे दुकानात कुणी करून देत नाही.

बूट झाले. मग त्या मुलीला मी चालवलं नाही, पाडलं. हेल्मेट, गुडघ्याचं, कोपराचं आणि मनगटाचं पॅड. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं. मागे कलून टोपीसारखं बसलं तर उपयोग शून्य. मग गवतावर: गुडघे वाकव, आधी गुडघा टेकव, मग कोपर, मग हात, बोटं उचललेली. मागे जातोय असं वाटलं तर एका कुशीवर बस. सरळ हात टेकवायचा नाही. माणूस पडताना आपोआप हात लांब करतो आणि सगळं वजन मनगटावर येतं; ही सवय मोडायला मुद्दाम पडावं लागतं. वीस वेळा पडली. सातव्या-आठव्या वेळेला हसायला लागली. वडील दूर वडाखाली उभे होते. त्यांना मी आधीच तिथं पाठवलं होतं. पालक कडेला असले की मूल पुढं न बघता त्यांच्याकडं बघतं, आणि डोकं वळलं की अंग वळतं.

मग सिमेंटवर. टाचा जवळ, पंजे बाहेर, बदकासारखं चालायचं. मी मुलाचा हात धरत नाही. माझा हात आडवा पुढं धरतो आणि मुलानं तो धरायचा. सोडायचं कधी ते त्यानं ठरवायचं. आमच्या अंगणात सगळ्या भाषा चालतात. एकाला “गुडघा वाकव, पुढं बघ” म्हणतो, शेजारच्याला “बग्गु, मुंदे नोडु”. थोड्या दिवसांनी मराठी मुलं कन्नडमध्ये आणि कानडी मुलं मराठीत एकमेकांना ओरडायला लागतात. त्याबद्दल कुणाचाही मोर्चा आलेला नाही.

त्या रविवारी ती भिंतीपासून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत एकटी आली. तीस फूट असेल. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, घड्याळ बघून म्हणाले, “साडेसातची गाडी हाय, चल.” आणि पुढच्या रविवारी परत आले.

माझा एक जुना विद्यार्थी आता म्युनिकला नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर आल्प्समध्ये स्नोबोर्डिंगला गेला आणि रात्री फोन केला. त्या खेळात दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आडवं उभं राहून बर्फावरून उतरायचं. पहिला प्रश्न, कुठला पाय पुढं? डावा पुढं असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. मोजे घालून फरशीवर घसरून बघितलं की कळतं. त्याला भाड्याचे बूट मिळाले होते आणि फळी पंज्याच्या बाजूला वळतच नव्हती. प्रशिक्षक म्हणत होता, घाबरू नकोस, झुक. हा म्हणाला, “सर, मी झुकत होतो. खरं आत टाच उचलायली होती.” एक नंबर लहान बूट मागून घेतला, दुपारपर्यंत वळायला लागला. अल्पाइन प्रकारात तर फळी अरुंद आणि ताठ, बूट कडक प्लास्टिकचे. फळीची धार बर्फात रुतवून वळायचं असतं, तिथं बुटातली एवढीशी पोकळीही चालत नाही. तिकडंही नवशिके मनगटावरच पडतात. त्यानं भाड्यानं काय घेतलं असेल तर पहिल्यांदा मनगटाचं पॅड. मित्र हसले म्हणे.

सगळं बुटातच असतं असं मात्र नाही. बूट, रबर, चाक सगळं नीट असूनही महिनाभर कडेला बसून राहिलेला एक मुलगा माझ्याकडं होता. त्याला गोंगाट सोसत नव्हता. त्याला सगळे गेल्यावर वीस मिनिटं वेगळं बोलावलं, कधी आला, कधी नाही आला. शेवटी त्यानं तबला धरला आणि खूश आहे. पण त्याच्या बाबतीत आम्ही खात्रीनं म्हणू शकलो की त्याला हे नकोय. पायात वाकडा बूट असताना ही खात्री कशी करणार?

निपाणीची मुलगी सातवीपर्यंत येत राहिली. शर्यतीत कधी पहिली आली नाही, तिला ती ओढही नव्हती. शेवटच्या वर्षी मात्र नव्या मुलांच्या लेस तीच तपासायची, आणि टाच उचलायला सांगताना माझ्यापेक्षा कडक असायची.

जाताना तिनं आपली जोडी माझ्या कपाटात ठेवली. शाळेची पुस्तकं वरच्या वर्गातून खालच्या वर्गात जातात तसं हे कपाट चालतं. बुटाच्या जिभेवर पेननं सेंटिमीटर लिहायचे, पाय वाढला की बूट ठेवायचा आणि पुढचा न्यायचा. त्यामुळं मोठा बूट घेऊन ठेवायची गरजच पडत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की नवी मुलं येतील. त्यांना मी कागदावर पायाचा आकार काढून आणायला सांगतो, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि दोन्ही पायांचा, कारण ते क्वचितच सारखे असतात. तुमच्या बेळगावच्या घरी माळ्यावर पोरांचे जुने स्केट पडले असतील, गंजलेले असले तरी चालतील, बेअरिंग मी बदलीन. कपाटात सध्या अठरा ते वीस सेंटिमीटरचा खण रिकामा आहे.