मामा, काडतुसं घरी भरता येतात का?

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून लातूरच्या भाच्याचा हा प्रश्न चालू आहे.

नाही रे बाबा! पॉइंट टू-टूच्या पुंगळीत पेटणारा मसाला कडेतच असतो. एकदा उडाली की संपली. गोळी पुंगळीत किंचित तिरकी बसली तर नळीत तिरकीच शिरते, आणि दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर. म्हणून मोठे नेमबाज रायफल व्हाइसमध्ये आवळून एकेक लॉट तपासतात, जमलेला साठवतात. आमच्या भाषेत व्हर्जन फ्रीझ!

लातूर-नांदेडच्या पोराला ही चैन कुठली? मिळेल त्या डब्यावर सराव. नऊ लागला तर चूक हाताची की गोळीची, कळणार कसं? तूर्त एअर रायफलच बरी. छर्रे निदान स्वस्त तरी.