भूपाच्या पोटातला मायनर

मायनर सेव्हन्थ, नाइन्थ, इन्व्हर्शन! लेकीच्या की-बोर्डच्या वहीतली ही नावं वाचून पेटीवर वाढलेल्या आपल्यासारख्या बायकांना धडकीच भरते. रहिमतपुरात हे समजावणार कोण? शेवटी सासऱ्यांची जुनी पेटी काढली.

तुमच्याकडे पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक हा सा धरा. भूपातले सा, ग, प, ध म्हणजे पांढरी एक, तीन, पाच, सहा. चारही एकदम दाबा. कसं प्रसन्न वाटतं! आता ध तेवढा खालच्या सप्तकातला घ्या, बाकीची बोटं तिथेच. सूर तेच, पण रंग एकदम गंभीर. कान बहुधा तळाच्या सुरालाच सा मानतो ना! ध हा सा झाला की आपला सा होतो कोमल गंधार, ग होतो पंचम, प होतो कोमल निषाद. हाच मायनर सेव्हन्थ. तळाचा सूर बदलणं म्हणजे इन्व्हर्शन. सा बदलण्याची गंमत आपल्या मूर्च्छनेतही आहेच: भूपाचा धैवत सा मानला की धानी, गंधार मानला की मालकंस.

सिनेमाच्या वाद्यवृंदात अशा स्वरमेळांची जाण गोव्याच्या वादकांनी आणली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. ते प्यारेलालांचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचंच नाव आहे.

याच्यावर पांढरी सात चढवली की नाइन्थ. ती वरच राहू द्यावी. खाली आणून पांढरी एकला चिकटवली तर दोन सूर घासतात. पियानोचा सूर विरतो तरी, पेटीचा भाता चालू असेपर्यंत हटत नाही!

पण एक हात भात्यावर, आणि खालच्या सहापासून वरच्या सातपर्यंत नऊ पांढऱ्या पट्ट्या. बोटं पुरेनात. म्हणून मी वरचे चार सूर दाबले आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, खालचा ध तुम्ही धरा.” मामंजी गेल्यापासून त्यांनी गळा उघडला नव्हता. आधी नको नको म्हणाल्या, मग बसल्या जागेवरून आकार लावला. पहिल्यांदा कापरा, मग स्थिर. खोलीभर मायनर नाइन्थ उभा राहिला.

श्वास संपला, त्या थांबल्या. माझी बोटं पट्ट्यांवरच होती. सा, ग, प, नि तेवढे उरले, गोड आणि जरा पोरकट.

“अगं, मी सोडलं की हे दुसरंच होतंय,” त्या म्हणाल्या. “पुन्हा धर बघू.”