मुलाला मधून उठवा

पालक मुलाला घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार मुलाची असते. अभ्यासात लक्ष नाही, उलट बोलतो, आठ वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करतो, शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलेलं असतं, सोनोग्राफी झालेली असते, त्यात काही निघालेलं नसतं. ‘मॅडम, याला जरा समजावून सांगा,’ असं म्हणून आईबाबा बाहेर जाऊन बसायला निघतात. मी त्यांना थांबवते. पहिली भेट घरातल्या सगळ्यांची, हा माझा नियम आहे. बाबांना रजा मिळत नसेल तर रविवारी या; आजी घरात असतील तर त्यांनाही आणा.

कोणी कुठे बसायचं हे मी सांगत नाही. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. नवरा-बायकोचं आपसात बिनसलेलं असेल तर मूल बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या खुर्चीत बसतं, किंवा त्याला तिथे बसवलं जातं. मी बाबांना प्रश्न विचारला की मूल आधी आईचा चेहरा बघतं. आईला विचारला की ती उत्तर देता देता मुलाला म्हणते, ‘सांग ना तू, परवा काय झालं ते.’ म्हणजे साक्षीदार तयार असतो. तो दुसरी-तिसरीत असतो आणि दोघांपैकी कोणीही दुखावलं जाऊ नये म्हणून शब्द शोधत असतो.

दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने त्रिकोणाच्या कल्पनेतून मांडलं. साल्वाडोर मिनुशिन फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात गरीब कुटुंबांबरोबर काम करत. 1974 साली आलेलं त्यांचं ‘फॅमिलीज अँड फॅमिली थेरपी’ हे पुस्तक आमच्या क्षेत्रात आजही वाचलं जातं. घरातली उतरंड कुठे बिघडली आहे ते ते बघत आणि बोलणं चालू असतानाच माणसांच्या जागा बदलायला लावत. मीही तेच करते. ‘बाळा, तू इकडे माझ्याजवळ ये. आणि तुम्ही दोघं जरा एकमेकांकडे वळून बसा.’ एवढंच. मग जी शांतता पसरते तिच्यात मी मध्ये पडत नाही. कित्येक जोडप्यांनी महिनोन्महिने एकमेकांकडे नीट पाहिलेलं नसतं.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेणं ही बाहेरून आणलेली गोष्ट आहे, असं कोणी समजू नये. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णांजवळ राहायला बोलावलं होतं. कर्मचारी कमी होते हे त्यामागचं एक कारण. पण नातेवाइकांचा आजाराकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला आणि रुग्ण घरी परतू लागले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि बंगळूरच्या निम्हान्सने हीच वाट पुढे नेली. ज्या समाजात सून दवाखान्यात निघाली की सोबत सासू निघते, तिथे समुपदेशक एकाच माणसाला खोलीत घेऊन दार लावून बसला, तर अर्धं काम बाहेरच राहतं.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. तिसरीतला मुलगा, पोटदुखी. आईबाबांचा अबोला होता. घर तसं सुरळीत चाललेलं, कारण निरोप्या घरातच होता. ‘बाबांना सांग, ताट वाढलंय.’ ‘आईला सांग, लाइटबिल भरलंय.’ आजी म्हणाल्या, ‘आमच्या घरात भांडण नाही हो. आवाज म्हणून चढत नाही कोणाचा.’ त्या खरंच बोलत होत्या.

अशा मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं समोर बसवून विचारण्यात अर्थ नसतो. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांचं खेळातून उपचारांवरचं पुस्तक 1947 चं आहे, आणि त्यातलं मुख्य पथ्य मी अजून पाळते: खेळाची दिशा मुलाने ठरवायची. माझ्या खोलीत भातुकली आहे, बाहुल्या आहेत, वाळूचा ट्रे आहे. या मुलाने तीन ताटं घेतली आणि खोलीच्या तीन कोपऱ्यांत ठेवली. मग चमच्यात थोडी थोडी वाळू घेऊन तो एका ताटाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. सांडू नये म्हणून जपून, जीभ दातांत धरून. तिसऱ्या ताटात, म्हणजे स्वतःच्या, त्याने काहीच वाढलं नाही. मी म्हटलं, ‘खूप चालावं लागतंय तुला.’ त्याने मान हलवली आणि खेळ चालू ठेवला.

पुढच्या भेटीत मी फक्त मोठ्यांना एक प्रश्न विचारला: पोट दुखतं त्या दिवशी घरात कोण काय करतं? आई म्हणाली, ‘हे गाडी काढतात, मी याला घेऊन मागे बसते, दवाखान्यात जातो.’ बाबा म्हणाले, ‘डॉक्टर काय म्हणाले ते बोलतो आम्ही.’ आणि थांबले. मुलगा नाटक करत नव्हता, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पोट खरंच दुखत होतं. पण तेवढ्या काळापुरते त्याचे आईबाबा बोलत होते, हेही खरं होतं.

उपाय साधा दिला. मूल झोपल्यावर दहा मिनिटं दोघांनी समोरासमोर बसायचं आणि फक्त उद्याचं ठरवायचं: डबा, शाळेची बस, गॅस सिलेंडर. जुना हिशेब काढायचा नाही. निरोप मुलाकरवी पाठवायचे नाहीत, आजींनीही नाहीत. काही आठवड्यांत पोटदुखी मागे पडली. नवरा-बायकोतलं सगळं मिटलं का? नाही. त्यांचं काम त्यानंतर बरेच दिवस चाललं, मुलाशिवाय.

जोडप्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे जॉन गॉटमन नात्याला पोखरणाऱ्या चार सवयी सांगतात: माणसावरच टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. यातली तुच्छता सर्वांत घातक, असं ते म्हणतात. ‘तुझ्या माहेरी शिकवलं नाही का?’ किंवा ‘तुमच्या घराण्यातच आहे ते’ ही वाक्यं रोज ऐकणारी मी त्यांच्याशी सहमत आहे. पण आपल्या घरांसाठी मी अबोल्याला जास्त भिते. ओरडणं शेजारी ऐकतात, कोणीतरी मध्ये पडतं. अबोल्याला आपण समंजसपणा समजतो, आणि मूल त्यात वर्षानुवर्षं राबतं.

एक अपवाद ठामपणे सांगायला हवा. जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे दोघांना समोरासमोर बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं धोक्याचं आहे. ती बाई खोलीत जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिथे आधी सुरक्षितता बघायची. मुंबई पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असो, की 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, त्यांची गरज याचसाठी पडली. ‘जरा सांभाळून घे’ हे समुपदेशन नव्हे.

प्रकरण कुटुंब न्यायालयात पोचतं तेव्हा मुलाच्या खांद्यावरचं ओझं वाढतं. 1984 च्या कायद्याने या न्यायालयांना समुपदेशक दिले आहेत. 1890 चा पालक व पाल्य अधिनियमही मुलाच्या हिताचाच विचार करायला सांगतो. मूल समंजसपणे पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीशांनी चेंबरमध्ये, धीर देऊन ती जाणून घेणं वेगळं. घरात काका, मावशी, शेजारीण ‘तुला कोण जास्त आवडतं?’ म्हणून विचारतात, तो प्रश्न क्रूर आहे. कोणीही, कौतुकानेसुद्धा, तो विचारू नये.

मग दिवाळीची सुट्टी लागते. विभक्त झालेल्या आईबाबांच्या मुलांची दिवाळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे वाटलेली असते, आणि माझ्याकडे या दिवसांत सर्वाधिक फोन याच वाटणीवरून येतात. आईबाबांना माझी विनंती आहे: तारखा तुम्ही दोघांनी एकमेकांना कळवून ठरवा, मुलाला विचारायला लावू नका. तिकडून परतल्यावर ‘काय काय झालं तिथे?’ अशी उलटतपासणी नको. त्याला भूक लागली असेल, वाढा. आजीआजोबांनी सुनेबद्दल किंवा जावयाबद्दल मुलासमोर बोलणं टाळावं. आणि हे एकट्याने जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येतं. फोन मोफत आहे.