चार अक्षरांचा शोध

शब्दकोश ही वाचण्याची नव्हे, पाहण्याची वस्तू आहे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. अडलेला शब्द पाहावा आणि कोश मिटून ठेवावा. ही समजूत गेल्या हिवाळ्यात नववीच्या एका विद्यार्थ्याने दूर केली, आणि ती करताना आमच्या शिक्षकी अहंकारालाही धक्का दिला.

त्या दिवशी इंग्रजीचे शिक्षक रजेवर होते. आमचे शिक्षण मराठीचे, शाळा हिंदी माध्यमाची. तरी मोकळा तास मुख्याध्यापकानेच सांभाळावयाचा असतो. धड्यात 'तरी' या अर्थाचा 'दो' हा शब्द आला. त्याच्या अखेरीस असलेल्या ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार नुसता 'ओ' होतो, असे आम्ही ठासून सांगितले. पुढच्याच ओळीत 'इनफ' होता. एका मुलाने तो मोठ्या विश्वासाने 'इनो' असा वाचला. अपचनावरच्या चूर्णाचे नाव ऐकून वर्ग खो खो हसला. खेदाची गोष्ट ही, की आम्हीही हसलो. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, नियम तर आत्ता आपणच सांगितला होता."

त्याचे म्हणणे खरे होते. नियम मोडणाऱ्यास हसावे, हे एक वेळ समजू शकते. आम्ही नियम पाळणाऱ्यास हसलो होतो. उत्तर सुचले नाही तेव्हा गुरुजन जे करतात तेच आम्ही केले. सर्व वर्गाला गृहपाठ दिला. ही चार अक्षरे एकापुढे एक असलेले जितके शब्द सापडतील तितके उद्या आणावयाचे.

घरी येऊन आम्हीही शोधावयास बसलो, आणि तेव्हा कळले की हे काम सोपे नाही. कोश शब्दाच्या आरंभावरून चालतो. पोटात किंवा शेपटाशी दडलेल्या अक्षरांचा पत्ता तो देत नाही. आज संगणक ही यादी क्षणात करून देतो; पण आम्ही हट्टाने पाने उलटीत बसलो आणि आयुष्यात प्रथमच कोश वाचला.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. 'दो' आणि 'डो' यांत 'ओ', 'थ्रू' मध्ये 'ऊ', 'प्लाउ' आणि 'ड्राउट' मध्ये 'आउ', 'रफ' मध्ये 'अफ', 'कॉफ' मध्ये 'ऑफ', 'थॉट' आणि 'बॉट' मध्ये 'ऑ', आणि 'हिकप' मध्ये चक्क 'अप'. अक्षरे चारच, उच्चार सात. एका मुलीने तर शिडीच रचली: 'टफ' मध्ये 'टी'नंतर 'एच' घातला की 'दो', त्यात 'आर' घातला की 'थ्रू', त्या 'आर'च्या आधी 'ओ' घातला की 'थरो'. एकेका अक्षराची भर पडते आणि सबंध शब्दाचा उच्चार पालटतो.

या गोंधळालाही इतिहास आहे. यांतील बहुतेक शब्दांत 'जी-एच' पूर्वी उच्चारला जात असे. उर्दूतील 'ख़ास' मधल्या 'ख़'सारखा तो घशातला ध्वनी होता. रात्रीला जर्मन आजही 'नाख्ट' म्हणतो. इंग्रज 'नाइट' म्हणतो, परंतु लिहिताना मध्ये 'जी-एच' ठेवतो. इंग्रजांच्या तोंडून तो ध्वनी हळूहळू गेला. काही शब्दांत नाहीसा झाला, काहींत 'फ' झाला. इकडे १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, आणि पुढे छापील अक्षरे स्थिरावत गेली. जीभ पुढे गेली, लेखणी मागे राहिली.

हे सारे वर्गाला सांगून आम्ही त्या मुलास उभे केले आणि म्हटले, "काल तुझे चुकले नव्हते, आमचे चुकले." तो संकोचाने हसला.

प्रकरण येथे संपावयाचे. मनातल्या मनात आम्ही मराठीचा अभिमानही मिरवून घेतला. आपणही 'घरें', 'मुलें' यांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार देत होतोच. पण १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. आपले लेखन प्रामाणिक, असे आम्हांस वाटले.

त्याच संध्याकाळी आमची सात वर्षांची नात मराठीचे पुस्तक वाचीत होती. 'शाला सुटली', ती म्हणाली. आम्ही वहीत लिहावयास सांगितले. तिने सुबक अक्षरात 'शाळा' असेच लिहिले, आणि वाचले पुन्हा 'शाला'.

आमच्या पोटात कालवल्यासारखे झाले. 'जी-एच' लिहिणारी, पण न बोलणारी इंग्रजांची पहिली पिढी अशीच असली पाहिजे. तिलाही कोणी दोषी म्हटले नसेल. ही मुलगीही नियमच पाळीत होती. दिवसभर तिच्या कानी जी हिंदी पडते तिच्यात 'ळ' नाही. ग्वाल्हेरात आपल्या घराण्यांना दोनशे वर्षे होऊन गेली. अक्षर टिकले म्हणजे ध्वनी टिकलाच, अशा भ्रमात आम्ही होतो.

या वेळी आम्ही हसलो नाही, रागावलोही नाही. तिला शोध दिला: 'ळ' असलेले शब्द जमवावयाचे. कोशाचा येथेही उपयोग नाही, कारण 'ळ'ने आरंभ होणारा मराठी शब्द नाही. म्हणून ती घरभर हिंडून शोधते. नारळ, केळे, पोळी, डाळ, जांभूळ, आणि आजीचा 'विळा'. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटल्यावाचून वहीत लिहावयाचा नाही, एवढीच अट. काही वेळा जीभ वळते, काही वेळा घसरते.

परवा जेवताना आम्ही घाईने म्हणालो, "वेल झाली, चला." ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, वेल तर अंगणात आहे."

दिवसभर शाळेत हिंदी बोलून आमचीही जीभ घसरली होती. आता त्या वहीत रोज रात्री आम्हीही दोन शब्द मोठ्याने म्हणून लिहितो.