हौसेचं मोल दीड लाख

आमच्या घरात आजवर तीन दुचाक्या आल्या. पहिली ह्यांची बजाजची चेतक, दुसरी शंभर सीसीची मोटारसायकल आणि तिसरी लेकीला कॉलेजात जायला घेतलेली विनागिअरची स्कूटर. तिन्ही वेळा माझं काम एवढंच, की हळदकुंकू आणि नारळ घेऊन गाडीपुढे उभं राहायचं. चौथ्या गाडीच्या वेळी मात्र निवडायला मीच बसले, आणि ती निघाली स्पोर्ट्‌स मोटारसायकल! ती सिनेमातले हिरो पुढे वाकून चालवतात ना, तसली.

लेक पंचवीस वर्षांची. इथेच साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. कंपनीची बस कोपऱ्यावर येते, दाराशी स्कूटर आहे. तेव्हा गरज म्हणाल तर मुळीच नव्हती. हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, आमच्याकडे होतं. दीड लाख रुपये, तिने तीन वर्षांत पगारातून बाजूला टाकलेले.

ह्यांनी ऐकलं आणि ताटावरून उठले. त्याला कारण आहे. ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, 1996 च्या पहिल्या पावसात खंबाटकी घाट उतरताना मित्राच्या मोटारसायकलवरून पडले. मांडीत सळी घातली ती आजही आहे, आणि थंडीत ते लंगडतात. दवाखान्यात तीन आठवडे उशाशी ह्यांनीच बसून काढले. त्यामुळे ‘मोटारसायकल’ आणि ‘पोरीची जात’ हे दोन शब्द एका वाक्यात ह्यांना सोसण्यासारखे नव्हते.

मलाही भीती होतीच. पण मी असा विचार केला, की कमावती मुलगी आपल्याला विचारते आहे, हे तिने आपल्याला दिलेलं मानाचं पान आहे. नाही म्हटलं तर ती गप्प बसेल, किंवा मग मित्रमैत्रिणींच्या सल्ल्याने, हप्त्यावर घेईल. मग ती काय घेते, कुणाकडून घेते आणि डोक्यावर काय घालते, यात आपला शब्द उरायचा नाही. मी तिला म्हटलं, “घे. पण दीड लाखाच्या वर एक पैसा जायचा नाही, आणि बाजारात मी तुझ्याबरोबर येणार.” ती जरा बिचकलीच! पण हो म्हणाली.

सल्ला द्यायला आणि गाडी शिकवायला मी कुणाला बोलावलं असेल? भावजींनाच. “वहिनी, मला बोलावताय, दादा माझ्याशी बोलायचा बंद होईल,” असं म्हणत ते आले, आणि दोन महिने दर रविवारी येत राहिले. लेकीचं लायसन्स विनागिअरचं होतं, ते गिअरच्या गाडीला चालत नाही. शिकाऊ लायसन्स काढलं की तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, पण भावजींनी तिला त्याच्या दुप्पट दिवस शाळेच्या मैदानावर फिरवलं. तेही ह्यांच्या जुन्या शंभर सीसीवर. क्लच हळू सोडणं, चढावर गाडी मागे न जाऊ देणं, दोन्ही ब्रेक एकदम पण मऊ हाताने दाबणं. गाडी दोनदा पडली, तिचा आरसा गेला. नव्या गाडीचं प्लास्टिक फुटण्यापेक्षा दीडशे रुपयांचा आरसा गेला ते बरं झालं.

मग आकडे मांडायला बसलो. लेकीच्या कंपनीतला एक मुलगा तिला सांगत होता, “एकदाच काय ती 390 सीसीची घे, छोटी घेतलीस तर वर्षात कंटाळशील.” भावजींनी वहीच्या पाठीवर लिहून दाखवलं. ह्यांची शंभर सीसीची गाडी म्हणजे 8 घोड्यांची. 155 सीसीची यामाहा आर 15 साधारण 18 घोड्यांची. 200 सीसीची पल्सर आरएस 24 च्या वर. आणि केटीएमची आरसी 390 म्हणजे 43 घोडे. “आठ घोडे हाकणाऱ्या पोरीच्या हातात एकदम त्रेचाळीसांचा लगाम द्यायचा का?” त्यांनी विचारलं. मी दुसरा हिशेब दाखवला. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के लागला. झालं, 390 चा विषय तिथेच मिटला.

विम्याची गंमत तर मला माहीतच नव्हती. दुसऱ्याच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा असतो, त्याचे दर इंजिनाच्या मापावर असतात. 2022 साली ठरलेल्या दरांत 75 ते 150 सीसीला वर्षाला 714 रुपये, आणि 150 च्या वर 350 पर्यंत 1,366. म्हणजे 155 सीसीची गाडी ही वरच्या पाच सीसीपायी जवळजवळ दुप्पट भरते! नव्या गाडीला तर हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. शोरूमच्या पाटीवरची किंमत आणि कर, विमा, नोंदणी धरून गाडी रस्त्यावर येते तेव्हाची किंमत यांत साडी आणि फॉल-पिको-ब्लाऊज शिवून झालेली साडी यांच्यापेक्षाही जास्त अंतर असतं. पोवई नाक्यावरून आणलेली कोटेशनं मी डब्याखाली ठेवली होती, रोज काढून पाहायची. कपडे आणि हेल्मेट धरून नवी गाडी दीड लाखात बसेना. तेव्हा वापरलेली घ्यायची ठरलं.

हेल्मेट म्हणाले मी, तर खरेदी तिथूनच केली. गाडीच्या आधी. लेक कुरकुरली, पण मी पाहिलंय, मोठी वस्तू आधी घेतली की छोट्या वस्तूंना पैसे उरत नाहीत. शिवणाची टेप भुवईच्या वर एक बोट धरून डोक्याभोवती फिरवली आणि त्या मापाचं, हनुवटीसकट झाकणारं, आयएसआय छापाचं हेल्मेट घेतलं. नवं हेल्मेट गालांना जरा घट्टच बसायला हवं, दुकानात सैल वाटलं तर महिन्यात डोक्यावर गरगर फिरतं. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, वेणी लागते, हेही सांगून ठेवते. हेल्मेट 5,500, कोपराखांद्यांना गाद्या असलेलं जाकीट 8,500, हातमोजे 2,500, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट 5,500. बावीस हजार झाले. सासूबाईंनी हेल्मेट हातात घेऊन पाहिलं. “दात सांभाळेल ना गं हे?” म्हणाल्या. सांभाळतं. हनुवटीचा भाग त्यासाठीच असतो.

आता मुख्य अट. ती भावजींनी घातली. गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस हवं. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जागच्या जागी अडकू न देणारी ती यंत्रणा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे, पण बऱ्याच गाड्यांना ती फक्त पुढच्या चाकाला असते. “वहिनी, त्या दिवशी मी काही फार जोरात नव्हतो,” भावजी म्हणाले. “वळणावर खडी दिसली, मी मागचा ब्रेक दाबला, चाक अडकलं आणि गाडी खालून निघून गेली. तेव्हा असलं काही नव्हतं.” एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

या अटीने यादी एकदम लहान झाली. आर 15 ला 2019 पासून दोन्ही चाकांना एबीएस आहे, शिवाय ती 142 किलोंची, म्हणजे या जातीत हलकी. आसनाची उंची 815 मिलिमीटर. लेक पाच फूट तीन इंच. बसली की दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत. आरसी आणखी उंच, तिच्यावर तिची कसरत व्हायची. पल्सर आरएस अंगाने जड. एक गोष्ट मात्र पोरींनी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. हँडल खाली असल्यामुळे सगळा भार मनगटांवर येतो. लेकीला भावजींनी एका ओळखीच्याच्या गाडीवर अर्धा तास गावातल्या गर्दीत फिरवलं. उतरली तेव्हा मनगटं चोळत होती. “तरी हवी?” मी विचारलं. “हवी.”

पाच गाड्या पाहिल्या. पहिल्या विक्रेत्याने फोनवर वेळ ठरवून दिली आणि आम्ही जाईपर्यंत इंजिन तापवून ठेवलं होतं. गाडी थंड असताना सुरू करून पाहायची असते, तेव्हाच तिची खोड कळते. भावजींनी इंजिनाजवळ हात नेला आणि “चला” म्हणाले. दुसरीचं प्लास्टिक इतकं कोरं, की मलाच संशय आला. जुन्या साडीला नवा काठ लावला की जसं डोळ्यांत येतं तसं. ब्रेकच्या दांडीचं टोक आणि पायदानाचं टोक घासलेलं, म्हणजे गाडी त्या अंगावर पडलेली. तिसरीच्या पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ. चौथीच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच, आणि मालक म्हणतो नंतर उतरवून देतो. बँकेचं ना हरकत पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात. टायरवरही तारीख असते, हे मला ठाऊक नव्हतं. चार आकडे असतात. 2319 असलं तर 2019 चा तेविसावा आठवडा. तेव्हापासून मी मसाल्याच्या पाकिटासारखे टायर वाचते!

पाचवी 2021 ची, एकाच मालकाची. मालक परगावी निघालेला. चासीचा नंबर पुस्तकाशी जुळला, सकाळी सातला गार इंजिन एका दमात सुरू झालं. चेनचे दात मात्र करवतीसारखे टोकदार झालेले. एक लाख अठरा हजार सांगितले. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, मग जुनीने महाग का राहावं, एवढं एकच मी बोलले आणि पुढचा अर्धा तास चहा प्यायले. एक लाख सहाला तुटलं. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मांवर तिथेच सह्या घेतल्या. विमाही नावावर करून घ्यायचा असतो, गाडी हाती आल्यापासून चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. पुष्कळ जण गाडी नावावर करतात आणि विमा विसरतात.

नावावर करणं आणि विमा मिळून 5,500. नवी चेन, तिची चक्रं, पुढचे ब्रेक पॅड आणि सर्व्हिसिंग 7,000. एकूण 1,40,500 झाले.

मागची बसायची जागा म्हणजे पोळपाटाएवढी आणि माळ्याइतकी उंच. मी बोगद्यापर्यंत एकदा बसून आले, पुन्हा बसणार नाही. पण साडीची जाळी आहे हो तिला! 1989 च्या मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं काहीतरी हवंच असं आहे. पोरं ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकतात. आम्ही काढू दिली नाही.

ह्यांनी गाडीला अजून हात लावलेला नाही. लेक यवतेश्वरचा घाट चढून कासला गेली त्या दिवशी “पोचलीस की फोन कर” एवढंच म्हणाले, आणि फोन येईपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होते. मीही आत काही निवांत नव्हते. भावजींशी बोलणं मात्र चालू आहे, पूर्वीपेक्षा जरा जास्तच.

उरलेले साडेनऊ हजार मी पोस्टात टाकले आहेत. मागचा टायर पुढच्या पावसाळ्याआधी बदलावा लागणार.