बी आणि माती

हाडांत पसरणाऱ्या कर्करोगावर पोस्टडॉक्टरल संशोधन करताना आम्ही रोज एका रूपकात वावरतो. १८८९ साली स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून मांडले: रोगपेशी म्हणजे बी, ते सर्वत्र विखुरते, रुजते मात्र अनुकूल मातीतच. रूपक देखणे खरे, पण आम्हांस अपुरे वाटते. हाडात शिरलेला रोग हाड झिजवणाऱ्या पेशींना चिथावतो. हाड विरघळते, त्यात साठलेली वाढद्रव्ये सुटतात, त्यांवर रोग पोसतो आणि पुन्हा चिथावतो. बीच माती खाऊ लागले तर शेतीची भाषा कुठवर पुरावी? झोलेड्रॉनिक आम्ल हे चक्र मंदावते, रोग उरतोच. शिवाय ‘रुजणे’ मराठीत इतके मंगल, की घरी काम समजावताना तो शब्द आमच्या तोंडून निघत नाही.