दुर्बिणीशेजारची माशी

१/
जुलै महिन्यात वातानुकूलित लोकलमधून ठाणे किंवा डोंबिवली स्थानकावर उतरणाऱ्या चष्मेधारकाला एक अनुभव हमखास येतो. फलाटावर पाऊल पडताच काच धुरकटते आणि समोरची गर्दी नाहीशी होते. थंड भिंगावर दमट हवेतली वाफ जमते, एवढेच त्यामागचे शास्त्र. प्रवासी चष्मा पुसून पुढे जातो. रायफलीवर दुर्बीण लावलेल्या सैनिकाला तेवढी सवड मिळेलच असे नाही.

२/
म्हणूनच दुर्बीण असलेल्या अनेक रायफलींवर जुनी, साधी नेमव्यवस्थाही राखलेली असते: नळीच्या टोकाला माशी आणि मागे खाच किंवा बारीक छिद्र. हीच आयर्न साइट. तिला भिंग नाही. त्यामुळे धुरकटण्याचा वा तडकण्याचा प्रश्न नाही. अडचण वेगळीच आहे. नळीवरची मध्यरेषा एकच. तिच्यावर बसायचे कोणी आणि बाजूला सरायचे कोणी?

३/
राखीव साधनाची ही निकड ठाणे-कल्याणला अपरिचित नव्हती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली; १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे जिंकले. या दोन्ही काळांत तोड्याची बंदूक सर्रास वापरात होती. पावसात तोडा विझतो, दारू सर्दावते. अशा वेळी हाती उरते ती तलवार. ती बंदुकीहून कितीतरी जुनी. पण पावसाने निकामी होणारी नव्हे. राखीव साधनाचे खरे मोल इथे कळते: मुख्य साधन ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने ते बंद पडता कामा नये.

४/
आता पहिले महायुद्ध. १९१४ च्या अखेरीस युरोपातली आघाडी खंदकांत रुतली आणि जर्मनांच्या दुर्बीणधारी नेमबाजांनी ब्रिटिशांना हैराण केले. १९१५ पासून ब्रिटिशांनी घाईने आपल्या ली-एनफिल्ड रायफलींवर दुर्बिणी बसवल्या. याच घराण्यातल्या रायफली घेऊन ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण तेव्हा मेसोपोटेमियात लढत होती. पुढे दोन्ही कुतच्या वेढ्यात अडकल्या.

५/
ली-एनफिल्डमध्ये पाच-पाच काडतुसांची क्लिप वरून भरावी लागे. मधोमध दुर्बीण बसवली तर ती वाट अडणार आणि माशी-खाचही झाकली जाणार. म्हणून बहुतेक दुर्बिणी नळीच्या डाव्या बाजूला बसवल्या गेल्या. मध्यरेषा जुन्या साधनाकडेच राहिली. नव्याला शेजारी जागा मिळाली.

६/
या तडजोडीची किंमत नेमबाजाने मोजली. डोळा डावीकडे न्यायचा तर गाल दस्त्यावर नीट टेकेना. खंदकातल्या पोलादी पत्र्याला किल्ल्याच्या जंगीसारखे अरुंद भोक असे. नळी त्यातून बाहेर जाई, पण शेजारच्या दुर्बिणीसमोर पत्राच येई. शिवाय दृष्टिरेषा आणि गोळीचा मार्ग एका ठरावीक अंतरावरच जुळत. त्याच्या अलीकडे-पलीकडे गोळी आडवी सरके. ब्रिटिश नेमबाजी-प्रशिक्षणाचा पाया घालणाऱ्या हेस्केथ-प्रिचर्ड यांनी या रचनेवर टीका केली, ती उगीच नव्हे. राखीव साधन जपण्यासाठी मुख्य साधनच अधू झाले होते.

७/
दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर ४ (टी)’ रायफलीने उलट निर्णय घेतला. दुर्बीण मध्यावर आली. दोन मोठे स्क्रू हाताने सैल केले की ती उतरवता येई आणि मग मागची छिद्राची साइट वापरता येई. नेम सुधारला, पण अडचणीच्या क्षणी स्क्रू फिरवण्याइतका वेळ हवा.

८/
१९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेली आणि पुढे भारतीय लष्करानेही वापरलेली द्रागुनोव्ह रायफल मधला मार्ग काढते. तिची दुर्बीण बाजूच्या पट्टीवरून थोडी उंच बसते. तिच्याखालून माशी दिसत राहते. काहीही न काढता नजर खाली आणली की पुरते.

९/
अलीकडच्या दशकांत ४५ अंशांची ऑफसेट साइट रूढ झाली. दुर्बीण मध्यावर, माशी आणि छिद्र उजव्या खांद्याशी. उजव्या हाताचा नेमबाज रायफल डावीकडे कलती करतो आणि ती साइट डोळ्यासमोर येते. १९१५ मध्ये माणसाचा चेहरा सरकत होता. आता रायफल वळते, चेहरा जागीच राहतो. आणि शेजारी कोण, याचे उत्तरही पुरते उलटले आहे.

१०/
निवड करताना म्हणूनच काही गोष्टी पाहाव्या लागतात. कमीत कमी वर्धनच चारपट असलेल्या दुर्बिणीतून जवळचे लक्ष्य पटकन सापडत नाही; तिथे ऑफसेट साइट उपयोगी. वर्धन एकपटीवर आणता येत असेल, तर ती गरज बरीच घटते. उरते ती भिंग निकामी होण्याची शक्यता. नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या काचेवर सह्याद्रीतला पाऊस आणि धुके बसतेच. घडीची साइट कुठे अडकत नाही, मात्र उघडायला क्षण घेते. स्थिर साइट सदैव तयार, पण पट्ट्यात वा झुडपात अडकते. तिचा नेमही वेगळा, जवळच्या अंतरावर जुळवून ठेवावा लागतो.

११/
फार लांबच्या माऱ्याच्या अनेक बोल्ट-ॲक्शन रायफलींवर माशीच नसते. तिथे राखीव साधन म्हणजे शेजारचा जोडीदार आणि त्याच्या हातातली दुसरी रायफल.

१२/
शस्त्रांचा इतिहास पुष्कळदा शिडीसारखा सांगितला जातो: नवे आले, जुने संपले. संग्रहालयातली दुर्बीणधारी रायफल मात्र थोडे थांबून पाहावी. मध्यरेषेवर काय आहे आणि बाजूला काय, यावरून त्या काळच्या सैन्याचा नव्या भिंगावर किती विश्वास होता, ते उमगते. जुनी माशी आठवण म्हणून ठेवलेली नसते. काच आंधळी झाल्यावर कोणाला तरी जिवंत परतायचे असते.